एक तारका आणि वाया गेलेली पाच पानं

एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी हॉस्टेलमधल्या ३० मुलींकडून प्रश्नावली भरून घेतली. दिवसाला मोबाइल किती तास, झोप किती तास. माहिती एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरली, तर सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात हे उणे १ ते अधिक १ मध्ये सांगणारा आकडा) आला ०.४०, डोक्यावर सार्थकतेची एक तारका. ३० जणांसाठी ०.०५ पातळीवर ०.३६१ ओलांडलं की सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा आकडा. म्हणजे जिंकलोच! मोबाइल जास्त तर झोपही जास्त, हे विचित्रच होतं. पण ‘मोबाइलने ताण हलका होतो’ वगैरे लिहून मी रात्रीतून पाच पानं भरली. आकडा हातात असला की कारणं भराभर सुचतात.

गाईड मॅडमनी पानं उघडलीच नाहीत. “स्कॅटर प्लॉट काढलास का?”

म्हणजे प्रत्येक मुलीचा एक ठिपका, आडवा मोबाइल, उभी झोप. नव्हता काढला. काढला तेव्हा २९ ठिपके तळाला दाटीवाटीने बसलेले आणि एक एकटाच पार वर टांगलेला. ७ तास झोपेच्या जागी मी ७७ टाइप केलं होतं. ते सुधारलं आणि गुणांक झाला उणे ०.२४. तारका गेली, चिन्हही उलटलं.

तेव्हा आधी ठिपके बघा, मग आकडा. अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये माहितीचे चार संच मांडले होते. चारही ठिकाणी गुणांक साधारण ०.८१६, पण आलेख बघाल तर एकात चक्क कमान आहे, दुसऱ्यात एकाच भरकटलेल्या ठिपक्याने सगळा आकडा उभा केलाय. पिअरसनचा गुणांक, म्हणजे हाच सहसंबंध गुणांक, सरळ रेषेपुरतंच बोलतो.

उणे चिन्हाला मात्र घाबरू नका, ते फक्त दिशा सांगतं. उणे ०.६ हा अधिक ०.३ पेक्षा जोरदारच. आणि वर्ग करून बघायची सवय लावा: ०.२४ चा वर्ग जेमतेम ०.०६, म्हणजे झोपेतल्या फरकाचा फक्त ६ टक्के भाग मोबाइलशी जोडलेला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, “मग मोबाइल काढून घेतला तर झोप वाढेल?” ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात एक प्रश्नावली आठवली. समासात पेन्सिलीने लिहिलेलं, ‘झोपच येत नाही म्हणून मोबाइल बघते.’ माहिती भरताना मी त्या कागदावरचा फक्त ४ हा आकडा उचलला होता.