गोव्यात खांबासारखा निवडुंग लावताय? या चुका टाळा

पहिली चूक रोप घेतानाच होते. नर्सरीत कॅक्टस म्हणून मिळणारा उंच हिरवा खांब पुष्कळदा युफोर्बिया असतो, म्हणजे कुंपणावरच्या त्रिधारी निवडुंगाचा भाऊबंद. ओळखायला काटे पाहा. खऱ्या कॅक्टसच्या धारेवर थोड्या थोड्या अंतरावर लोकरीसारखी बारीक गादी असते आणि काट्यांचा झुबका त्या गादीतूनच फुटतो. युफोर्बियाला गादी नसते, काटे बहुधा जोडीने येतात आणि टाचणी टोचली की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांना फार घातक. छाटताना हातमोजे आणि चष्मा हवाच. मुले खेळतात त्या अंगणात हे झाड लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडच्या बागांना सोपा पडणारा खरा कॅक्टस म्हणजे दक्षिण अमेरिकेतला सिरियस: निळसर हिरवा, फुले मोठी, पांढरी, रात्री उमलून सकाळी मिटणारी.

त्याला मारते ते साचलेले पाणी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. वरून पडणारा पाऊस सिरियस पुष्कळ सोसतो, मुळाशी थांबलेले पाणी सोसत नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, किंवा डोंगरउतारावर जांभ्यात खड्डा खणून त्यात माती भरतात, तिथेच घात होतो. खालचा कातळ पाणी सोडत नाही आणि पहिल्याच मोठ्या पावसात खड्ड्याचा हौद होतो. म्हणून खणू नका, उंचवटा करा. चिऱ्यांचा दीड-दोन फुटी वाफा बांधा. अर्ध्याहून अधिक भाग जांभ्याची खडी आणि नदीची जाड वाळू, उरलेल्यात लाल माती आणि मूठभर चांगले कुजलेले शेणखत. किनाऱ्यावरची वाळू खारट, ती नको. कौलांच्या पागोळ्या पडतात ती जागाही नको.

बुंधा तपकिरी झाला की लोक घाबरून झाड उपटतात. आधी बोटाने दाबा. टणक, लाकडासारखा लागला तर ते वयाचे लक्षण आहे, काही करू नका. मऊ लागला, पाणी सुटले, वास आला तर कूज. मग सुरी स्पिरिटने पुसून निरोगी भागात काप घ्या. गाभ्यात तपकिरी डाग दिसला तर सुरी पुन्हा पुसून आणखी वर कापा. तुकडा घरात पंख्याखाली काप पूर्ण सुकेपर्यंत ठेवा. पावसाळ्यात याला कित्येक आठवडे लागतात. लावायचा तो ऑक्टोबरनंतरच, कोरड्या खडीत.

पावसाळाभर छपराखाली ठेवलेली कुंडी ऑक्टोबरच्या उन्हात एकदम काढू नका. अंगावर पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत. आठवडाभर सकाळचेच ऊन द्या. शेंडा बारीक निघत असेल तर उजेड कमी पडतोय. धारांच्या खाचेत कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने काढा आणि संध्याकाळी कडुनिंबाचे तेल फवारा.