रिव्हॉल्व्हर घेऊन मचाणावर चढण्याआधी: या चुका टाळा

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी ओहायोत हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा आठवडा सुरू होतो. आमच्या भागातले बहुतेक जण शॉटगन किंवा रायफल नेतात. मी गेली अकरा वर्षं .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर नेतो (.४४ म्हणजे गोळीचा साधारण व्यास इंचांत, मॅग्नम म्हणजे जास्त ताकदीचं काडतूस). ओळखीतली काही मराठी मंडळी अलीकडे विचारायला लागली आहेत की आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू? इथल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे सगळं बापाबरोबर रानात फिरताना कळतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, त्यामुळे आपल्या पिढीला हे शिकवणारं घरात कुणी नव्हतं. मी जे शिकलो ते चुकत शिकलो, आणि त्यातल्या एका चुकीची किंमत एका हरणाने मोजली. ते शेवटी सांगतो.

सगळ्यात मोठं रिव्हॉल्व्हर आधी घेणं

स्मिथ अँड वेसनने २००३ मध्ये .५०० मॅग्नम आणलं. लांब नळीचं मॉडेल दोन किलोहून जड आहे आणि त्यात पाचच गोळ्या बसतात. माझं पहिलं रिव्हॉल्व्हर तेच होतं. "मोठं जनावर, मोठी गोळी" एवढाच माझा हिशेब. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून साधारण १००० फूट-पाऊंड ऊर्जा घेऊन निघते आणि .५०० ची २५००च्या पुढे जाते, हे आकडे मला तोंडपाठ होते. पण व्हाइटटेल हरणाच्या दोन्ही फुप्फुसांतून गेलेली .४४ची गोळी त्याला काही सेकंदांत खाली आणते. पोटात लागलेली .५००ची गोळी आणत नाही.

मोठ्या रिव्हॉल्व्हरचा खरा त्रास म्हणजे दचक. पहिल्या चार-पाच गोळ्यांतच हात शिकतो की चाप ओढला की तडाखा बसतो. मग चाप पूर्ण मागे यायच्या आधीच मनगट खाली दाबलं जातं, डोळे मिटतात, आणि गोळी सहा-आठ इंच खाली जाते. गंमत अशी की तडाख्याच्या गोंधळात हे आपल्याला स्वतःला दिसतच नाही. माणूस साइट (नेम धरायचं साधन) फिरवत बसतो, गोळ्या बदलतो, दुकानदाराशी वाद घालतो.

ओळखायची रीत सोपी आहे. मित्राला सिलिंडर भरायला सांगा: काही घरांत खरी काडतुसं, काहींत रिकाम्या पुंगळ्या, क्रम तुम्हाला न सांगता. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला आणि नळीचं तोंड तरीही खाली झुकलं, तर तुम्ही दचकता. पहिल्या वेळी माझी नळी इतकी खाली गेली की मित्र काही बोललाच नाही.

उपाय म्हणजे मागे जाणं. मी ते .५०० विकलं, .२२चं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि दोन महिने फक्त तेच चालवलं. मग .४४ मॅग्नम घेतलं, पण त्यात .४४ स्पेशल काडतुसं भरून. स्पेशल आखूड आणि मवाळ असतं, व्यास तोच, त्यामुळे मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये ते बिनधोक चालतं. तसंच .४५४ कॅसूल या जोरदार काडतुसाचं रिव्हॉल्व्हर असणाऱ्यांनी मवाळ .४५ कोल्टने सुरुवात करावी. पूर्ण ताकदीच्या गोळ्या एका दिवशी वीस-पंचवीसच्या वर उडवू नका, कारण थकलेला हात दचक परत शिकतो. कानांवर मफ आणि आत बोळे, दोन्ही लावा. या रिव्हॉल्व्हरांचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि दचकेचा अर्धा भाग त्या आवाजाचाच असतो. मचाणावर मी इलेक्ट्रॉनिक मफ घालतो, पाचोळ्यातली पावलं त्यातून ऐकू येतात.

अंतर काडतुसाला विचारणं

.४४ मॅग्नम १९५५च्या अखेरीस तयार झालं ते मुख्यतः आयडाहोतल्या एल्मर कीथ यांच्या अनेक वर्षांच्या आग्रहामुळे. कीथ यांनी याच काडतुसाने ६०० यार्डांवर हरीण पाडल्याचं सांगितलं, आणि तो आकडा आजही शिकाऱ्यांच्या गप्पांत फिरतो. ते हरीण दुसऱ्याच्या गोळीने आधीच जखमी होतं आणि निसटू नये म्हणून कीथ गोळ्या झाडत होते, हे गप्पांत गळून जातं. आयुष्यभर रिव्हॉल्व्हर हातात असलेला माणूस होता तो.

तुमचं अंतर कागदी ताटली ठरवते. जेवणाची नऊ इंची ताटली घ्या. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण तेवढीच जागा होते. रानात ज्या स्थितीत बसणार त्याच स्थितीत बसा: मचाणावर, गुडघ्यावर किंवा काठ्यांच्या टेकूवर. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून मारलेली गोळी इथे धरायची नाही. सहाच्या सहा गोळ्या ताटलीत जातात ते सगळ्यात लांबचं अंतर शोधा. एक जरी बाहेर गेली तरी पाच यार्ड पुढे या. दुसऱ्या दिवशी, थंडीत, जाड कोट घालून पुन्हा करून बघा. माझं अंतर उघड्या साइटने ५५ यार्ड आहे. त्यापलीकडचं हरीण मी फक्त बघतो, मग ते कितीही शांत उभं असो.

रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी साइट) किंवा स्कोपने (दुर्बिणीने) हे अंतर वाढतं, पण वाटतं तेवढं नाही. साइट ५० यार्डांवर जुळवलेली असेल तर १०० यार्डांवर .४४ची गोळी साधारण पाच इंच खाली पडते. त्यात हाताचा थरकाप मिळवा आणि ताटली संपली.

टेकू घ्यायचाच, फक्त नळी कडक लाकडावर टेकवायची नाही. गोळी सुटताना ती उसळते आणि नेम वर जातो. मनगट किंवा मूठ टेकवा, खाली टोपी किंवा हातमोजा ठेवा. आणि दुसऱ्या हाताची बोटं सिलिंडरच्या पुढे कधीही नेऊ नका. नळी आणि सिलिंडर यांच्यात बारीक फट असते, तिथून बाजूला निघणारा वायू बोट कापू शकतो. .४६० आणि .५००मध्ये तर ही दुखापत फार गंभीर होते. रायफल धरायची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो. मांडीवर टेकून मारत असाल तर मांडीवर जाड चामड्याचा तुकडा ठेवा.

गोळी चुकीची

स्वसंरक्षणासाठी बनवलेली हलकी, पोकळ टोकाची गोळी पटकन फुलते. माणसासाठी ती बनलेली असते. रानडुकराच्या खांद्यावर ती वरच्या वर फुटून राहू शकते. हरणाला .४४मध्ये २४० ग्रेनची, शिकारीसाठी बनवलेली फुलणारी गोळी पुरते. डुक्कर, काळं अस्वल किंवा एल्क (मोठ्या जातीचं हरीण) असेल तर ३०० ग्रेनच्या आसपासची, रुंद सपाट तोंडाची कडक शिशाची गोळी घ्या. ती फारशी फुलत नाही, पण हाडातून सरळ पार जाते.

.४५ कोल्टवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. हे काडतूस १८७३चं आहे. त्याचे काही आधुनिक, जास्त दाबाचे प्रकार फक्त रुगर ब्लॅकहॉकसारख्या दणकट रिव्हॉल्व्हरसाठी असतात. जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये किंवा त्याच्या नकलेत ते भरले तर सिलिंडर फुटू शकतो. खोक्यावर तसा इशारा असतो, तो वाचा.

रानात अडकतं ते

सिलिंडर मध्येच फिरेनासा झाला तर बहुधा एखाद्या काडतुसाची गोळी पुंगळीतून पुढे सरकलेली असते. आधीच्या गोळ्यांच्या तडाख्याने असं होतं, आणि हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जास्त. हंगामाआधी एकाच काडतुसावर खूण करा, बाकीची उडवा, मग त्या खुणेच्या काडतुसाची लांबी मोजा. वाढली असेल तर ती गोळी शिकारीला नेऊ नका. मॅग्नमची काडतुसं सिलिंडरच्या घरांत नीट बसत नसतील आणि तुम्ही आधी स्पेशल वापरली असतील, तर आत काजळीचं कडं जमलंय. ब्रशने घासा. सिलिंडर बाहेर काढता येत नसेल तर इजेक्टरचा (पुंगळ्या बाहेर ढकलणारा) दांडा आट्यांतून सैल झालाय का ते बघा. स्कोपचे स्क्रू तर प्रत्येक सरावानंतर तपासायचेच.

१९७३च्या आधीचं रुगर सिंगल ॲक्शन (दर गोळीला घोडा हाताने चढवावा लागतो असं) रिव्हॉल्व्हर वडिलोपार्जित म्हणून कुणी दिलं असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. त्यात ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय गोळी सुटू न देणारा भाग) नसतो, म्हणजे हातातून पडलं तर गोळी सुटू शकते. कंपनी तो भाग फुकट बसवून देते.

कागदपत्रं

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. ओहायोत हरणासाठी हँडगनची नळी किमान पाच इंच हवी, काडतूस सरळ पुंगळीचं (टोकाकडे बाटलीसारखं निमुळतं न होणारं) आणि .३५७ किंवा मोठं हवं. नारिंगी जाकीट सक्तीचं आहे. पण आपल्या लोकांसाठी याहून मोठी गोष्ट संघीय कायद्यात आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, आणि परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो. मित्राची बंदूक रेंजवर हातात घेणंसुद्धा यात येतं. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. तुमचं प्रकरण थोडंही गुंतागुंतीचं असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, मग दुकानात जा.

गोळीनंतरची घाई

मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं ते याबद्दल. गोळी सुटल्यावर लगेच घोडा पुन्हा चढवा आणि नजर हरणावर ठेवा. शेवटचं कुठे दिसलं, कोणत्या झाडाजवळ, ते मनात पक्कं करा. खाली पडलेलं दिसलं नाही तर अर्धा तास हलू नका. मग गोळी लागली त्या जागी जा आणि रक्त बघा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच असेल. काळपट लाल म्हणजे बहुधा यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट ओल, चारा, घाण वास म्हणजे पोट. तिथून परत फिरा आणि किमान आठ तास जाऊ नका. पोटात लागलेलं हरीण हाकललं नाही तर जवळच्या झुडपात बसतं. मागे लागलात तर मरणाच्या वेदनेतही मैलभर जातं.

माझ्या पहिल्या हंगामात संध्याकाळी पावणेपाचला एक मादी आली. साधारण ७० यार्डांवर, अंग आडवं. हातात .५०० होतं. मी दचकलो, गोळी मागे आणि खाली लागली. ती पाठ वाकवून, शेपटी खाली दाबून चालत गेली. हे पोटाचं लक्षण आहे, तेव्हा मला ते माहीत नव्हतं. दहा मिनिटांत मी मचाणावरून उतरलो आणि बॅटरी घेऊन मागे लागलो. दोनदा ती पुढे उठताना ऐकली. रात्री नऊला शेजारच्या शेतकरी आजोबांना फोन केला. ते आले, बॅटरीच्या उजेडात पानावरचं रक्त बोटावर घेऊन त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "आता घरी चल. सकाळी येऊ."

सकाळी ती पाऊण मैलावर ओढ्याकाठी सापडली. कॉयोटी (कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) रात्रीच येऊन गेले होते, मांस काही उरलं नव्हतं. आजोबांनी माझ्याकडे टॅग (मारलेल्या हरणाला लावायची परवान्याची चिठ्ठी) मागितला, पेन दिलं, आणि मी त्याच हरणाला माझा टॅग लावला.