वीस मिनिटांनी गेम अडखळायचा, त्याची गोष्ट

लालबागच्या आमच्या खोलीत पीसी खिडकीखालीच ठेवलेला. मे महिन्यात गेम सुरू केला की पहिली वीस मिनिटं अगदी मस्त जायची, मग फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) एकदम ९० वरून २५ वर. ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाकले, ग्राफिक्स सेटिंग्ज कमी केल्या, फरक शून्य. नवं कार्ड घ्यावं लागणार या विचारानेच पोटात गोळा आला.

शेवटी तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर गेमसोबत चालू ठेवलं. कार्ड ७० अंशांवर निवांत, प्रोसेसर मात्र १०० ला टेकलेला! इतका तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे कार्डाचा दोष नव्हताच.

पीसी बंद केला, प्लग काढला, प्रोसेसरवरचा कूलर (त्याला थंड ठेवणारा पंखा) उघडला. शेजारच्या बांधकामाची धूळ दमट हवेने चिकटून पार गादी झाली होती. रंगाच्या कोरड्या ब्रशने ती काढली (पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका). प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी, दोघांमधली थर्मल पेस्ट खडूसारखी सुकली होती. लॅमिंग्टन रोडवरून नवी ट्यूब आणली, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मधोमध वाटाण्याएवढी नवी लावली आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेलो.

त्या रात्री सलग दोन तास खेळलो. प्रोसेसर ८० च्या वर गेला नाही, आणि किती दिवसांनी शेवटची लढत न अडखळता जिंकलो! पीसी आता खिडकीपासून लांब, स्टुलावर आहे.