स्पर्धा आयोगाचं दार ठोठावताय? आधी या चुका टाळा

तांब्या-पितळेची भांडी ऑनलाइन विकणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ परवा फोन घेऊन आले. आठवड्याचा हिशेब उघडून ठेवला होता: कमिशन, कुरिअर, परत आलेल्या मालाचा भुर्दंड, जाहिरात. सगळं वजा जाऊन उरलेल्या आकड्यावर बोट ठेवत म्हणाले, "साहेब, ही मक्तेदारीच ना? ठोका केस."

ठोकता येते की. पण अर्जात "कमिशन फार घेतात" एवढंच असेल, तर भारतीय स्पर्धा आयोग ती चौकशीआधीच बंद करण्याची शक्यता दाट. कंपनी मोठी असणं हा 2002 च्या स्पर्धा कायद्याने गुन्हा ठरवलेला नाही. त्या मोठेपणाचा गैरवापर झाला का, हे कलम 4 विचारतं. त्यामुळे आपल्या गल्ल्याचं रडगाणं थोडक्यात आवरा आणि इतरांची वाट कशी अडवली जाते, ते लिहा.

खरा घोळ होतो ‘संबंधित बाजारपेठ’ ठरवताना. वर्चस्व नेमकं कोणत्या बाजारात? अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलचं म्हणणं होतं, आमची अ‍ॅपलशी स्पर्धा आहेच की. पण अ‍ॅपलची आयओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्या फोन कंपनीला मिळतच नाही. म्हणून आयोगाने बाजार धरला तो परवान्यावर मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, आणि तिथे अँड्रॉइडच अँड्रॉइड. मग पुढचा मुद्दा उभा राहिला: प्ले स्टोअर हवं, तर फोन कंपनीने गुगलच्या अ‍ॅप्सचा अख्खा गठ्ठा आधीच बसवून द्यायचा. 20 ऑक्टोबर 2022 ला दंड झाला 1337.76 कोटींचा. फिर्याद 2018 ची, म्हणजे धीरही धरावा लागतो.

दुसरी हमखास चूक म्हणजे "त्या दोघांनी मिळून बाजार खाल्लाय" असं लिहिणं. आपल्या कायद्यात दोन स्वतंत्र कंपन्यांचं सामूहिक वर्चस्व नाही. बेंगळुरूच्या टॅक्सी प्रकरणात 2017 मध्ये ओला यामुळेही सुटली, कारण समोर उबर उभी होती. (मला हे आजही पटत नाही, पण कायदा आहे तो असा.) अशा वेळी स्पर्धेला मारक करारांबद्दलचं कलम 3 बघा, करारातल्या अटींवर बोट ठेवा. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेने झोमॅटो-स्विगीविरुद्ध तोच रस्ता धरला आणि एप्रिल 2022 मध्ये चौकशीचा आदेश मिळवला.

भरपाई आयोगाकडे मागू नका. त्यासाठी नंतर अपील न्यायाधिकरणात वेगळा अर्ज लागतो. मुदतही बघा: 2023 च्या दुरुस्तीनंतर घटनेपासून तीन वर्षांत यावं लागतं, उशिराला सबळ कारण द्यावं लागतं.

आणि पुरावा! कडा कापलेले, तारीख नसलेले स्क्रीनशॉट कुणी आणू नयेत. अटींचं पान कंपनी हवं तेव्हा बदलते, म्हणून जुनी प्रत तारखेसकट पीडीएफ करून ठेवा. मेल तर अजिबात पुसू नका. भांडीवाल्यांचा इनबॉक्स आम्ही तासभर उपसला. ‘प्रमोशन’च्या ढिगाऱ्यात दीड वर्षापूर्वीचा एक मेल सापडला, विषय ‘अटींमध्ये बदल’. त्यांनी तो उघडलाच नव्हता.