चीझी बटाटे करताना या चुका टाळा (खास करून आठ वाजता घरी पोचणाऱ्यांनी)

चीझ घातलं की काहीही चांगलंच लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मोठ्या गॅसवर दुधात मोझरेला ढवळून बघावं. खाली पांढरं पाणी, वर तेलाचे थेंब आणि मधे च्युइंगमसारखा एक गोळा. घोडबंदरचं ट्रॅफिक काढून घरी आलंय, पोरं भूक भूक करतायत, वरणभात तयार आहे आणि सोबत पटकन काहीतरी मस्त हवंय म्हणून आपण हे करायला घेतो, आणि घाई नेमकी तिथेच करतो जिथे करायची नसते.

आधी माप सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं. तिघाचौघांना तोंडी लावायला अर्धा किलो बटाटे, एक कप दूध, एक मोठा चमचा बटर, एक मोठा चमचा मैदा, चारपाच लसूण पाकळ्या, मिरपूड आणि 70-75 ग्रॅम चीझ म्हणजे साधारण तीन क्यूब. ओव्हन नको, एक पसरट पॅन पुरतो.

आता पहिली चूक, जी चीझची नाहीच, बटाट्याची आहे. वरणाच्या कुकरमधेच बटाटे टाकायचे, वरणाला लागतात तेवढ्या शिट्ट्या करायच्या आणि मग साल काढताना बटाटा हातात फुटतो, काप तर सोडाच, आणि सॉसमधे टाकला की सगळ्याचं पिठलं होतं. मध्यम आकाराचे अख्खे बटाटे सालासकट उकडायला तीन शिट्ट्या खूप झाल्या. आणि खरं सांगू का, सकाळी डबा करताना उकडून, गार करून फ्रिजमधे ठेवून दिले तर सगळ्यात बरं, कारण शिजलेला स्टार्च गार झाला की घट्ट बसतो, संध्याकाळी सुरी मारली की सरळ काप पडतात आणि सॉसमधेही टिकतात. फक्त ते दिवसभर ओट्यावर ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत उकडलेलं काही बाहेर राहत नाही. सकाळी जमलं नाही तर कच्च्या बटाट्याचे अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप करून मिठाच्या पाण्यात आठदहा मिनिटं उकळा, सुरीचं टोक आत गेलं पण काप तुटला नाही की पाणी काढून टाका. नीट निथळू द्या हं, ओले काप घातले की सॉस पातळ होणारच.

कच्चे बटाटे मात्र फ्रिजमधे ठेवू नका. कोंब येतात म्हणून बरेचजण ठेवतात, पण थंडीत स्टार्चची साखर व्हायला लागते, मग चव गोडसर येते आणि परतताना रंग भसकन काळपट होतो. मार्केटमधे निवड असेल तर नव्या पातळ सालीच्या बटाट्याचे काप टिकतात, जुना पिठूळ बटाटा मॅश करायला चांगला. आणि मॅश करायचं असेल तर मिक्सर अजिबात नको, पात्यांनी स्टार्च बाहेर पडतो आणि खळ तयार होते, ती मग कशानेही सुधारत नाही.

आता चीझ. दुकानात मोझरेला दिसलं की लोक तेच उचलतात, कारण तार ओढली जाते. पण तार येणारं चीझ सॉसमधे विरघळत नाही, ते वरून भुरभुरायचं असतं. सॉसला आपलं साधं क्यूबवालं प्रोसेस्ड चीझच घ्या, नाक मुरडायचं काही कारण नाही, त्यात इमल्सिफाय करणारे, म्हणजे फॅट आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार असतात म्हणून ते फाटत नाही, गुळगुळीत वितळतं. पाकिटावर वनस्पती तेल लिहिलेलं दिसलं तर ते पूर्ण दुधाचं चीझ नाही, स्वस्त का आहे ते तिथेच कळतं. क्यूब किसणीला चिकटत असेल तर दहा मिनिटं फ्रीझरमधे टाका. तुकडे टाकू नका, किसाच. कीस क्षणात वितळतो, तुकड्यांसाठी गॅस चालू ठेवावा लागतो आणि तिथेच घोळ होतो.

कृती एवढीच: बटरमधे लसूण हलका परता (लाल नको, कडू लागतो), मैदा घालून मिनिटभर भाजा, मग थंड दूध थोडं थोडं घालत ढवळत राहा. गरम दूध एकदम ओतलं की गुठळ्या. सॉस चमच्याला चिकटून राहायला लागला की काप घाला, एक वाफ येऊ द्या आणि आता गॅस बंद करा. बंद म्हणजे बंद. मग चीझ घालून हलक्या हाताने फिरवा, पॅनच्या उष्णतेत ते आपोआप होतं. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघूनच, कारण चीझ आणि बटर दोन्ही खारट.

दूध फाटतं ते बहुतेक वेळा टोमॅटो, लिंबू किंवा दह्यामुळे. टोमॅटोत अजून एक गोची आहे, आंबटात कच्चा बटाटा लवकर मऊ होत नाही, म्हणून घालायचाच असेल तर वेगळा परतून वरून. टोन्ड दुधात फॅट 3 टक्के, फुल क्रीममधे 6, त्यामुळे चव फुल क्रीमचीच भारी, पण मैदा असेल तर टोन्डवरही भागतं.

वरचं चीझ वितळायला झाकण ठेवता ना, तर झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब बरोब्बर चीझवर गळतात आणि पांढरे डाग पडतात. झाकणाला आतून पातळ कापड बांधा किंवा मिनिटाभराने उचलून पुसा. खरपूस हवं असेल तर काप आधीच बटरमधे एका बाजूने परतून घ्या, साध्या मायक्रोवेव्हमधे लालसरपणा येत नाही, ग्रिल असेल तरच.

तरी बिघडलंच तर: पातळ झालं तर दोन काप तिथेच पॅनमधे चुरडा. घट्ट झालं तर गरम दूध, पाणी नको. खारट झालं तर अजून उकडलेला बटाटा आणि दूध. तेल सुटलं तर गॅसवरून उतरवून दोन चमचे थंड दूध घालून जोरात फेटा, बऱ्याचदा सावरतं, पण गोळा झाला असेल तर सरळ पोळीत भरून तव्यावर दाबा, कोणाला कळतसुद्धा नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करताना बारीक गॅस आणि दुधाचा एक शिपका, मायक्रोवेव्हमधे केलंत तर अर्ध्या पॉवरवर, मधेमधे ढवळत.