खासगी थेरपिस्टकडे मानसोपचार सुरू करताना या चुका टाळा

पहिली अपॉइंटमेंट घेण्याआधी बहुतेक माणसे कित्येक महिने स्वतःशीच झगडलेली असतात. इतक्या उशिरा आणि इतक्या कष्टाने उचललेल्या पावलाला लगेच फळ यावे, असे वाटणे साहजिक आहे. मात्र दोन-तीन सत्रांनंतरही तसे झाले नाही की माणूस एक तर स्वतःला दोष देतो किंवा उपचार सोडून देतो. सुरुवातीच्या या अडचणींपैकी बऱ्याच अडचणी ठरावीक चुकांमुळे येतात आणि त्या वेळीच लक्षात आल्या तर दुरुस्तही होतात.

पहिली चूक अपॉइंटमेंटच्याही आधीची आहे. आपण नेमके कोणाकडे जात आहोत, हेच अनेकांनी पाहिलेले नसते. मराठीत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा एकच शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरला जात असल्याने गोंधळात भर पडते. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषधे लिहून देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचे काम मुख्यतः संवादातून चालते आणि बहुतेक ठिकाणी त्यांना औषधे देण्याचा अधिकार नसतो. शिवाय ‘थेरपिस्ट’ असे बिरुद लावण्यासाठी अनेक देशांत कायद्याने कोणतीही पात्रता सक्तीची केलेली नाही. म्हणून प्रशिक्षण कोठे झाले, नोंदणी कोणत्या व्यावसायिक संस्थेकडे आहे आणि आपल्यासारख्या तक्रारींवर काम केल्याचा अनुभव आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारावे. जबाबदार थेरपिस्टला अशा प्रश्नांचा राग येत नाही. थकवा, निरुत्साह किंवा धडधड ही लक्षणे थायरॉइडच्या बिघाडातही दिसतात, त्यामुळे एकदा शारीरिक तपासणीही करून घ्यावी.

व्यवहाराचे बोलणे संकोचाने टाळणे

मनाच्या दुखण्याविषयी बोलायला जाताना पैशांचे काय विचारायचे, असे वाटून लोक गप्प राहतात आणि पुढे त्याच गोष्टीवरून मने दुखावतात. सत्र साधारणपणे ४५ ते ५० मिनिटांचे असते आणि सुरुवातीला ते बहुधा आठवड्यातून एकदा होते. ठरलेले सत्र रद्द करायचे असेल तर बरेच थेरपिस्ट २४ किंवा ४८ तास आधी कळवण्याची अट घालतात आणि तसे न कळवल्यास शुल्क घेतात, कारण तो वेळ त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलेला नसतो. हे नियम लेखी मागून घ्यावेत. दोन सत्रांच्या मधल्या काळात संपर्क साधता येतो का आणि रात्री-अपरात्री संकट ओढवले तर काय करायचे, हेही विचारावे. एकट्याने काम करणारा थेरपिस्ट तातडीची सेवा देऊ शकत नाही, त्यामुळे आपत्कालीन क्रमांक आपल्याजवळ वेगळा लिहून ठेवलेला असावा.

गोपनीयतेबद्दलही दोन टोकांचे समज आढळतात. काहींना वाटते की आपले बोलणे घरी कळेल, तर काहींना वाटते की ते कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाणारच नाही. सर्वसाधारण नियम गुप्ततेचाच आहे. प्रौढ व्यक्तीच्या उपचाराचे शुल्क घरातील दुसरे कोणी भरत असले, तरी त्यामुळे त्याला सत्रातील मजकूर जाणून घेण्याचा अधिकार मिळत नाही. मात्र स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका, लहान मुलांवरील अत्याचार आणि न्यायालयाचा आदेश हे अपवाद बहुतेक ठिकाणी मानले जातात. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली टॅरासॉफ खटल्यात असे ठरवले की, रुग्णाकडून ज्या व्यक्तीला धोका आहे तिच्या संरक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे थेरपिस्टचे कर्तव्य आहे. आपल्या देशात नियम काय आहेत, हे पहिल्याच सत्रात विचारता येते.

पहिल्याच सत्रात निकाल मागणे

पहिले सत्र बहुतांशी माहिती घेण्यात जाते. झोप, भूक, काम, नातेसंबंध, व्यसने, चालू औषधे आणि पूर्वीचे उपचार यांविषयी विचारणा होते. आत्महत्येचे विचार येतात का, हा प्रश्नही बहुधा असतोच. त्याने दचकू नये, कारण तो जवळजवळ प्रत्येकाला विचारला जातो आणि त्याचे खरे उत्तर देणे फार महत्त्वाचे आहे. बाकी सगळी कहाणी पहिल्याच दिवशी सांगण्याची सक्ती नाही. ‘हा विषय आहे, पण त्यावर आज बोलवत नाही,’ इतके सांगितले तरी पुरते.

कालावधी पद्धतीप्रमाणे बदलतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या उपचारासाठी जी मांडणी केली, तिच्या पायावर उभ्या राहिलेल्या संज्ञानात्मक वर्तन उपचारात (त्रास देणारे विचार आणि वागण्याच्या सवयी ओळखून बदलण्याची पद्धत, सीबीटी) अनेकदा १२ ते २० सत्रे लागतात आणि दोन सत्रांच्या मध्ये करण्यासाठी गृहपाठ दिला जातो. मनोविश्लेषणाच्या, म्हणजे मनात नकळत दडलेल्या भावना आणि जुने अनुभव उलगडण्याच्या, परंपरेतील काम कित्येक वर्षेही चालू शकते. गृहपाठ झाला नाही म्हणून सत्रच रद्द करणे ही फार वेळा होणारी चूक आहे. तो का झाला नाही, हाच त्या दिवसाचा सर्वांत उपयोगी विषय असू शकतो.

थेरपिस्टबद्दल जे वाटते ते त्यांच्यापासून लपवणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. एखादे वाक्य लागते, एखादा सल्ला पटत नाही, थेरपिस्ट सारखे घड्याळाकडे पाहतात असे वाटते. आपण मात्र शहाण्या विद्यार्थ्यासारखे मान डोलावतो, घरी येऊन चडफडतो आणि काही आठवड्यांनी जाणे बंद करतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली उपचारातील सहकार्याचे तीन घटक मांडले: उद्दिष्टांवर एकमत, ती गाठण्यासाठी करायच्या कामांवर एकमत आणि दोघांमधील विश्वासाचे नाते. या सहकार्याचा उपचाराच्या परिणामाशी संबंध असल्याचे त्यानंतरच्या संशोधनात वारंवार दिसून आले आहे. ते एकदाही डळमळीत होऊ नये अशी अपेक्षा नसते. ते डळमळले की त्यावर बोलून पुन्हा सांधायचे असते आणि बाहेरच्या नात्यांत ज्याला हे कधी जमले नाही, त्याच्यासाठी तो अनुभव हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो.

बोलावे कसे, हा प्रश्न अनेकांना अडवतो. ‘मागच्या वेळी तुम्ही माझ्या वडिलांबद्दल जे म्हणालात, ते मला लागले,’ किंवा ‘आपण नेमके कशासाठी काम करतो आहोत, हे मला कळेनासे झाले आहे,’ एवढे साधे वाक्य पुरेसे असते. तोंडून निघत नसेल, तर कागदावर लिहून न्यावे आणि सत्राच्या सुरुवातीलाच वाचून दाखवावे. शेवटच्या पाच मिनिटांत काढलेला विषय अर्धवट राहतो. ऐकून घेऊन विचार करणारा थेरपिस्ट आणि लगेच बचावाला उतरणारा थेरपिस्ट यांतील फरक अशा वेळी स्पष्ट दिसतो.

सत्रानंतर अधिक वाईट वाटले म्हणून घाबरणे

दडपलेल्या गोष्टी उघड बोलल्यावर एक-दोन दिवस मन जड राहणे किंवा रडू येणे ही नेहमीची बाब आहे. चिंताविकारावरील काही पद्धतींत टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे असते, त्यामुळे अस्वस्थता तात्पुरती वाढणे अपेक्षितच असते. सत्र संपताच महत्त्वाची बैठक ठेवू नये आणि अर्धा तास तरी मोकळा ठेवावा. परंतु सलग काही आठवडे झोप, काम आणि रोजचे व्यवहार ढासळत गेले, तर ‘उपचारात असे होतेच’ म्हणून ते अंगावर काढू नये. मानसोपचाराने काही थोड्या लोकांची स्थिती बिघडतेही. अशा वेळी पद्धत बदलणे किंवा मनोविकारतज्ज्ञांचे मत घेणे आवश्यक असते. जीव देण्याचे विचार बळावले, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच क्षणी तातडीची मदत घ्यावी.

काही प्रसंगी मात्र बोलून सांधण्याचा प्रयत्न करूच नये. थेरपिस्टने शारीरिक किंवा प्रेमसंबंध सुचवणे, आपल्याशी पैशांचे अन्य व्यवहार करणे, डॉक्टरांना न विचारता औषधे बंद करायला सांगणे किंवा घरच्यांपासून तोडण्याचा आग्रह धरणे, यांपैकी काहीही घडल्यास जाणे थांबवावे आणि त्यांची नोंदणी असलेल्या संस्थेकडे तक्रार करावी.

न सांगता जाणे बंद करणे

जोशुआ स्विफ्ट आणि रॉजर ग्रीनबर्ग यांनी २०१२ साली ६६९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा सुमारे एक पंचमांश लोक उपचार अर्ध्यावर सोडतात असे दिसले. त्यामुळे सोडावेसे वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. तीन-चार सत्रांनंतरही आपले म्हणणे समोर पोहोचत नाही असे वाटत असेल आणि त्यावर बोलूनही फरक पडला नसेल, तर थेरपिस्ट बदलणे योग्यच आहे. फक्त तसे सांगून एक शेवटचे सत्र घ्यावे, दुसऱ्या कोणाचे नाव सुचवता येईल का ते विचारावे आणि नव्या ठिकाणी जाताना पूर्वी काय उपयोगी पडले व काय अडले, हे चार ओळींत लिहून सोबत न्यावे.