पेज वक्र हाताने काढा

कृष्णविवर विरत जाताना त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रारणाची (किरणांची) एन्ट्रॉपी कशी बदलते, हे दाखवणारी रेषा म्हणजे पेज वक्र. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आलेख कागद आणा. आडवा अक्ष १० सेंमी, म्हणजे न फिरणाऱ्या, विद्युतभार नसलेल्या कृष्णविवराचं आयुष्य. उभा १५ सेंमी, एन्ट्रॉपी, म्हणजे किती माहिती आपल्यापासून दडलेली आहे याचं माप. ०, २, ४, ६, ८, १० वर अनुक्रमे १०, ८.६, ७.१, ५.४, ३.४, ० असे बिंदू देऊन जोडा. ही विवराची रेषा.

आता प्रारणाची: विवराने गमावलेली एन्ट्रॉपी गुणिले १.४८. शेवटी १४.८ येईल. विवर संपलं तरी ही एन्ट्रॉपी उरते; हॉकिंग यांच्या गणितात माहिती हरवते ती इथेच.

दोन्ही रेषा ५.४ सेंमीवर छेदतात. प्रत्येक ठिकाणी खालची रेषा लाल पेनाने गिरवा. हाच पेज वक्र: माहिती टिकत असेल, तर भौतिकशास्त्रज्ञ डॉन पेज (१९९३) यांच्या मते प्रारणाची एन्ट्रॉपी अशीच बदलेल. छेदाआधी प्रारणातून जवळपास काहीच माहिती हाती लागत नाही.

छेद ६.५ वर आला? १.४८ ने गुणायचं राहिलं. उत्सर्जन अपरिवर्तनीय असतं, म्हणून तो गुणक.